खोक्यातला कागद

शैलाकाकूंकडे डोकेदुखीची गोळी मागायची असेल तर डोकं दुखायच्या आधीच मागावी. हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. सामानाची खोकी फोडून फोडून माझं कपाळ ठणकत होतं. शेजारच्या घराच्या दारात तुळशीची कुंडी दिसली म्हणून मी बेल दाबली. दार उघडलं ते एका बुटक्या, ठसठशीत बाईंनी. गळ्यात साखळीचा चष्मा आणि हातात स्टीलची फूटपट्टी.

"गोळी? आहे की. बस." त्यांनी पाण्याचा पेला आणला, गोळी आणली आणि एक घडी घातलेला कागद आणला. कागद उलगडत गेला, उलगडत गेला आणि अर्धं डायनिंग टेबल झाकून थांबला. मग माझ्या हातात भिंग आलं.

"वाच."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्या समोर उभ्याच. मी वाचायला लागले. यकृताचा परिच्छेद संपला, पोटातल्या अल्सरचा संपला, गरोदर बायकांचा संपला. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा डोकं दुखायचं थांबलं होतं, किंवा घाबरून गप्प बसलं होतं. काकूंनी शांतपणे गोळी परत बाटलीत टाकली आणि म्हणाल्या, "बघ, लागलीच नाही. आता चहा घे."

आमच्या भागात डॉक्टर आणि पीएचडीवाले पैशाला पासरी आहेत. रविवारी किराणा दुकानात कुणालाही धक्का लागला तर तो शास्त्रज्ञ निघतो. पण मी नागपूरच्या मैत्रिणींपुढे ज्या एका माणसाची फुशारकी मारते, त्या म्हणजे आमच्या शैलाकाकू.

काकू एका छापखान्यात प्रूफं तपासतात. पुस्तकांची नव्हे. औषधाच्या खोक्यात मुंगीएवढ्या अक्षरांचा जो कागद कोंबलेला असतो आणि जो आपण सगळे खोकं उघडताच फेकून देतो, त्याची. दोन बायका समोरासमोर बसतात. एक मोठ्यानं वाचते, विरामचिन्हांसकट, आणि दुसरी ओळीखाली फूटपट्टी धरून ताडून बघते. दिवसभर हे केल्यावर काकूंना घरीही तसंच वाचायची सवय लागली आहे. मंडळाच्या गणपतीचं निमंत्रण त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं ते असं: "सर्वांनी सहकुटुंब स्वल्पविराम सहपरिवार यावे पूर्णविराम." भालचंद्रकाका, म्हणजे त्यांचे यजमान, फार कमी बोलतात. एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "मी वाक्य संपवलं की ही मनातल्या मनात पूर्णविराम म्हणते. मला ऐकू येतो."

"कागद कुठंय?" हा काकूंचा पेटंट प्रश्न. कुणी नवा मिक्सर घेतला, कागद कुठंय. कुणी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, फ्रोझन पुरणपोळ्या गरम करून आणल्या, पाकीट टाकलंस का, त्यावर छापलेलं असतं ना. एका बाईंनी भाचीसाठी आलेल्या मुलाचा बायोडेटा कौतुकानं दाखवला. काकूंनी फूटपट्टी लावून तो दोनदा वाचला आणि परत देत म्हणाल्या, "हा फायद्यांचा कागद झाला. धोक्यांचा कुठंय?" त्या बाई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. लग्न मात्र त्यांनी मोडलं, आणि का ते त्या कुणाला सांगत नाहीत.

काकूंना हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. माझं ऑफिस त्यांच्या छापखान्याच्या पुढेच, त्यामुळे रोज सकाळी त्या माझ्या शेजारच्या सीटवर. वाटेतली एकही पाटी त्यांच्या तावडीतून सुटत नाही. एका दुकानाच्या पाटीत अक्षर चुकलं होतं, तर त्यांनी चार महिने रोज मला ते दाखवलं. शेवटी पाटी बदलली तेव्हा त्यांनी पेढे आणले होते.

याच गाडीत माझं बिंग फुटलं.

आता माझ्या वजनाबद्दल थोडं सांगायला हवं. टाळण्यासारखं होतं, पण माझ्याएवढी मोठी गोष्ट लपणार कुठे. अमेरिकेत आल्यापासून मी दरवर्षी नियमानं वाढत होते. मला त्याची लाजही वाटत नव्हती, कपडे मोठे मिळतात इथे. पण त्या वर्षी रक्ततपासणीत साखर काठावर आली. माझ्या बाबांचा उजवा पाय साखरेपायी गुडघ्याखाली कापावा लागला होता आणि त्यानंतर ते दोन वर्षांत गेले. डॉक्टरांनी 'बॉर्डरलाइन' म्हटलं आणि मला नागपूरच्या घरातला दाराआडचा तो एकटा बूट दिसला. मी चालायला लागले, भात सोडला, पुन्हा धरला. वजन ढिम्म.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात वजनाची एक गोळी चिठ्ठीशिवाय दुकानात मिळायला लागली. जेवणातली थोडी चरबी ती पोटात अडवते आणि बाहेर घालवते, असं तिचं काम. मी कुणाला न सांगता खोकं घेतलं आणि पर्समध्ये दडवलं. दुसऱ्या दिवशी सिग्नलला करकचून ब्रेक लावला, पर्स काकूंच्या पायांवर सांडली आणि लिपस्टिक, किल्ल्या, पोळीचा डबा सगळं सोडून काकूंनी नेमकं तेच उचललं.

मी म्हणाले, "काकू, लेक्चर नको हं. माझं डिसाइड झालंय."

"मी कुठं काय म्हणतेय?" खोकं उलटसुलट बघत त्या म्हणाल्या. "कागद वाचलास का?"

"वाचते ना. वीकेंडला."

"रविवारी चार वाजता ये. उपाशीपोटी येऊ नकोस, निर्णय चुकतात."

रविवारी गेले तर टेबलावर पितळी तराजू मांडलेला. काकूंच्या वडिलांचं सांगलीत किराण्याचं छोटं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा काकूंनी हा तराजू आणला आणि वजनं धाकटी बहीण मंदा हिनं ठेवून घेतली. त्यामुळे काकूंकडे तराजू आहे पण वजनं नाहीत. त्यांनी त्यावर उपाय शोधला आहे. काकांनी ओळीनं पाच डबे आणून ठेवले: मोहरी, मसूर, चवळी, राजमा आणि सुपाऱ्या.

"डावं पारडं फायद्याचं, उजवं धोक्याचं," काकू म्हणाल्या. "मी एकेक ओळ वाचणार. तुझ्या लेखी ती किती जड, तेवढा दाणा टाकायचा. तराजू माझा, दाणे तुझे."

मला हसू आलं, पण पहिलीच ओळ ऐकून ते गेलं. वजन थोडं कमी होऊ शकतं, खाणं आणि चालणं सांभाळलं तरच. "थोडं"वर काकूंनी फूटपट्टी आपटली. मी बाबांचा विचार केला आणि डाव्या पारड्यात सुपारी टाकली. गुडघ्यांसाठी राजमा टाकला. मग उजवीकडच्या ओळी सुरू झाल्या. जेवण तेलकट असेल तर पोट अचानक आणि तेलकट चालेल, सुरुवातीला गडद रंगाची पँट घाला, कपड्यांची जादा जोडी बरोबर ठेवा. मी हसत एक मोहरी टाकली. काकूंनी भुवई वर केली, पण दाणे माझे होते. काही जीवनसत्त्वं अंगात कमी मुरतात, म्हणून झोपताना त्यांची वेगळी गोळी घ्यावी. मसूर.

"थायरॉइडची गोळी घेत असाल तर स्वल्पविराम आधी डॉक्टरांना विचारा पूर्णविराम." काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "तू घेतेस."

"तुम्हाला कसं माहीत?"

"सकाळी गाडीत बसल्यावर अर्धा तास कॉफी पीत नाहीस. त्या गोळीनंतर थांबावं लागतं. याला कुठला दाणा?"

मी एकेका डब्यात बोट घालून बघितलं. "माहीत नाही, काकू."

"माहीत नसेल तर दाणा टाकायचा नाही. फोन करायचा."

तेवढ्यावर तराजू झाकून ठेवला. सोमवारी मी डॉक्टरांना फोन केला. विचारलंत ते बरं केलंत, म्हणाले. दोन गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवायचं आणि काही आठवड्यांनी थायरॉइडची तपासणी करून घ्यायची. संध्याकाळी मी उजव्या पारड्यात चवळीचा दाणा टाकला. मग काकूंनी पारडी रिकामी करून सगळं पुन्हा तोलायला लावलं, या वेळी गोळी न घेण्याबद्दल. "काहून आता?" असं माझ्या तोंडून गेलंच. त्या म्हणाल्या, "न घेण्यालाही धोका असतोय की. तो कागदावर छापत नाहीत, एवढंच." मी बाबांची सुपारी या वेळी उजवीकडे, धोक्यात टाकली आणि ते पारडं सावकाश खाली गेलं. काकूंनी "घे" म्हटलं नाही आणि "नको"ही म्हटलं नाही. त्यांनी फक्त सुपारी परत डब्यात मोजून टाकली.

मी गोळी नीट घ्यायला लागले. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग श्रावण आला.

सासूबाईंना शब्द दिलेला, म्हणून मी श्रावणी सोमवार करते. आपल्या डोक्यात एक गोष्ट लहानपणापासून पक्की बसलेली असते, की उपास म्हणजे कमी खाणं. म्हणजे आपोआप डाएट. मग काय, सकाळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास मोजून साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचं कूट हात न आखडता, वर साजूक तूप. दुपारच्या डब्यात वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, तळलेला बटाट्याचा कीस. आणि दोन्ही वेळा, नियमाप्रमाणे, गोळी. दुसऱ्या दिवशी माझं प्रेझेंटेशन होतं म्हणून मी पांढरी पँट घातली.

पुढचं मी सविस्तर सांगणार नाही. एवढंच सांगते, की मंगळवारी सकाळी स्लाइड चौदावर मी "एक्सक्यूज मी" म्हणून खोलीबाहेर पडले ती परत गेलेच नाही. गाडीत टॉवेल अंथरून घरी आले. संध्याकाळी काकूंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. काका मात्र उठून आत गेले आणि आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला. काकूंनी तराजू काढला, पहिल्या वेळचे दाणे पुन्हा मांडले, उजव्या पारड्यातली मोहरी दाखवली आणि विचारलं, "बदलायचाय का दाणा?" मी निमूटपणे राजमा घेतला.

तरी पारडं डावीकडेच राहिलं. बाबा तेवढे जड होते.

डिसेंबरपर्यंत माझं वजन अकरा पाउंडांनी उतरलं. सिनेमात दाखवतात तसं काही नव्हे, माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, मी सांगितल्यावर कळलं. पण साखर काठावरून आत सरकली होती. तो रिपोर्ट मी काकूंना दाखवला तेव्हा त्यांनी तो फूटपट्टी लावून दोनदा वाचला, आणि मला दहावीचा निकाल दाखवल्यासारखं वाटलं. मला स्वतःचा इतका अभिमान फार वर्षांत वाटला नव्हता.

त्याच महिन्यात आम्ही पुण्याला निघालो, सासरी. बॅगा भरायचा कार्यक्रम सगळ्यांच्या घरी होतो तसाच होता. बॅग उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं, मग बॅगेशिवाय उभं राहायचं, वजाबाकी करायची. बॅग दीड पाउंडानं जास्त भरली. मग मी आपल्याकडचे सगळे करतात तेच केलं. नातेवाइकांसाठी घेतलेल्या व्हिटॅमिनच्या बाटल्या, गुडघ्यांच्या गोळ्या, आणि माझं वजन उतरल्याचं ऐकून जाऊबाईंनी मागवलेली तीच गोळी, सगळं खोक्यांतून काढून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं. खोकी आणि कागद कचऱ्यात. बॅग बरोबर पन्नास पाउंड.

तेवढ्यात काकू आल्या. बहिणीसाठी एक पुडकं द्यायचं होतं, सांगलीला जाऊन तिच्या हातात द्यावं अशी विनंती होती. त्यांनी पिशव्या बघितल्या. मग कचऱ्याची टोपली बघितली. मी "कागद कुठंय" ऐकायची तयारी करून बसले होते. पण काकू जमिनीवर बसल्या, टोपली पुढ्यात ओढली आणि एकेक कागद काढून मांडीवर सरळ करायला लागल्या.

"माझं पुडकंपण दोनच पाउंडांनी जास्त भरलं होतं," त्या म्हणाल्या.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मंदामावशींचं वजन वाढलं होतं आणि बहीण अमेरिकेत, म्हणून त्यांनी वजनाच्या गोळ्या मागवल्या. तेव्हा इथल्या मॉलमध्ये कसल्याशा पाल्याच्या गोळ्या कुणालाही मिळायच्या. पाल्याच्या, म्हणजे निर्धोक, असं काकूंनाही वाटलं. पुढे सरकारनंच त्या पाल्यावर बंदी आणली. काकूंनी चार बाटल्या घेतल्या, खोकी फेकली, गोळ्या पिशवीत भरल्या आणि ओळखीच्यांबरोबर पाठवल्या. दोन महिन्यांनी मंदामावशींना लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मग काकू पुन्हा त्या दुकानात गेल्या, एक खोकं घेतलं आणि तिथेच उभं राहून कागद वाचला. तिसऱ्या ओळीत होतं, की रक्तदाब असेल तर घेऊ नये.

"गोळीनंच झालं का, ते डॉक्टर पण नक्की सांगत नाहीत," काकू म्हणाल्या. "पण तो कागद मी फेकला, अनघा. त्याचं वजन किती होतं गं?"

मी समजत होते की नोकरीमुळे काकूंना कागदांचं वेड लागलं. तसं नव्हतंच. त्या आधी छापखान्यात कॅलेंडरं तपासायच्या. मंदामावशींचं झालं आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी औषधांचा विभाग मागून घेतला. "कुणीतरी वाचेल, तर त्यात चूक नको," एवढंच म्हणाल्या. मी बॅगेतून माझे बूट काढले आणि सगळे कागद आत घातले.

पुण्याहून मी सांगलीला गेले. मंदामावशी काकूंपेक्षा गोऱ्या आणि त्यांच्याहून बोलक्या, फक्त एकेक शब्द सावकाश उचलून ठेवल्यासारखा. पुडक्यात काय होतं ते तिथे कळलं. मंदामावशींच्या रक्तदाबाच्या गोळीचा अख्खा कागद काकूंनी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून काढला होता. असे कितीतरी गठ्ठे मावशींच्या कपाटात होते. गल्लीतली माणसं औषध आणलं की आधी मंदामावशींकडे येतात. "माझ्या बहिणीनं लिहिलंय," असं सांगून मावशी कागद काढतात, आणि ते सांगताना त्यांची मान जरा वर होते. मी तिथे बसले असताना तिघं येऊन गेले.

निघताना मी काकूंच्या मनातली कागद फेकल्याची टोचणी त्यांना सांगितली. चोंबडेपणा होता, पण राहवलं नाही.

"गोळ्या पिशवीतून आल्या, म्हणजे कागद तिथंच राहिला. हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मावशी म्हणाल्या. "आणि बीपी होतं, ते मी तिला कुठं कळवलं होतं? लांब बसून काळजी करेल, म्हणून. इथल्या डॉक्टरला गोळ्यांचं पण नाही सांगितलं. रागावला असता."

दोघी बहिणी सहा वर्षं दर रविवारी फोनवर बोलत होत्या आणि एवढी एक गोष्ट दोघीही गिळून बसल्या होत्या. मी म्हणाले, "मावशी, हे तोंडी सांगितलं तर काकूंना पटणार नाही. तुम्हाला माहीत आहे ना त्या कशा आहेत?" मावशी हसल्या आणि त्यांनी वही ओढली. डाव्या हातानं चार ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला.

जानेवारीत पहिल्या सोमवारी काकू गाडीत बसल्या. बाहेर बर्फ होतं, पाट्या अर्ध्या झाकलेल्या. मी मावशींचा निरोप सांगितला. काकू बर्फातल्या पाट्या वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "कागद कुठंय?"

मी तो दिला. छापखान्याच्या दारात गाडी उभी केली तरी त्या उतरल्या नाहीत. पर्समधून फूटपट्टी काढली, चष्मा लावला, पट्टी पहिल्या ओळीखाली धरली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"शैला स्वल्पविराम मला बीपी होतं ते मी तुला सांगितलं नाही पूर्णविराम. तेवढा दाणा माझा पूर्णविराम. तराजू तुझ्याकडे आहे स्वल्पविराम वजनं माझ्याकडे आहेत स्वल्पविराम तेव्हा माझं ऐक पूर्णविराम. आता पुरे पूर्णविराम."

त्यांनी पट्टी पुन्हा वर नेली. नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा वाचायचं होतं. या वेळी विरामचिन्हं म्हणायचं मात्र राहून गेलं. अक्षरं वाकडीतिकडी होती, काही ओळीबाहेर गेलेली. वाचून झाल्यावर काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला, कागद होता तसाच घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि दार उघडलं.

"एकही चूक नाही बघ," त्या म्हणाल्या, आणि कामावर गेल्या.